आप्पाची नक्कल

तानूआत्तीचं नाव आधी लिहिते. नंतर लिहीन म्हटलं तर मधल्या गोष्टींत ते मागं पडेल, आणि मला ते पुन्हा वर काढता येईलच असं नाही, कारण आताशा चार ओळी लिहिल्या की हात भरून येतो. तानूबाई, माझ्या आप्पांची थोरली बहीण, राहणार कोल्हापूर. तिनं मला चार वर्षं आपल्या घरात ठेवलं, वेणी घालायला शिकवली, डोक्याची नव्हे, चपलेच्या पट्ट्यावरची. आणि आणखी एक गोष्ट केली, जी तिच्याशिवाय कुणाला सुचलीही नसती. ती काय ते पुढं येईल. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई आहे. काही चुकलं तर ते माझं, काही बरं उतरलं तर ते आत्तीचं.

आमचं गाव कागलच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यालगत आमची आठ घरं, चांभारांची. सरकारी दाखल्यावर जरा सोवळा शब्द असतो, पण आम्ही घरात हाच वापरायचो आणि अजून माझ्या तोंडात तोच बसतो. कोण म्हणतंय त्यावर तो नुसता शब्द आहे की शिवी ते ठरतं. सकाळी जाग यायची ती आवाजानं. ओलं चामडं दगडावर ठेवून आप्पा हातोडीनं टोकत असायचे, ठप ठप ठप, आणि चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं. कमावलेलं चामडं कोल्हापुरातून यायचं. बाभळीची साल नि हिरड्याचा त्याला वास. ते अंगणातल्या रांजणात भिजत पडायचं. तो वास आमच्या केसांत, गोधडीत, माझ्या वह्यांत बसलेला होता. आम्हाला तो येत नव्हता. आईच्या भाकरीला तो लागतो की काय, ही शंका मला फार पुढं, परक्या घरी जेवायला लागल्यावर आली.

आमच्या घरात चपलेला गिऱ्हाइकाचं नाव असायचं. ज्याचं माप, त्याचं नाव. "तलाठी कुठवर आला?" आई चुलीपासून विचारायची. "तलाठ्याचा अंगठा ऱ्हायलाय," आप्पा सांगायचे. "मास्तराला पाण्यात घातलाय, वाईच मऊ पडू दे." ज्यांच्या ओसरीची पायरी आम्हाला चढता येत नव्हती, ती सगळी मंडळी दिवसभर आमच्या अंगणात आडवी पडलेली असायची, आणि आप्पा त्यांच्याशी अतिशय अदबीनं बोलायचे. सगळ्यांत जास्त अदब दूध सोसायटीच्या चेअरमनला. चेअरमनला करकर वाजणारी चप्पल लागायची, आपण येतोय हे चार घरं आधी कळावं म्हणून. तळाच्या दोन थरांमध्ये विंचवाच्या झाडाचं बी घालून ती वाजती करावी लागते. आप्पा तो तळ दोन गुडघ्यांत धरायचे नि म्हणायचे, "या चेअरमन, बसा. लई ताठलायसा. ताठलेलं चामडं टिकत न्हाई, मालक. राग मानू नगा, जरा टोकतो." मग ठप. "दुखलं व्हय? आता दुसऱ्या अंगावर व्हा." ठप. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हळू हाणा, सुगीला त्येंच्याच रानात जायाचं हाय." मी शाळेला जायला केस विंचरत असायची, हसून हसून वेणीचा पेड चुकायची आणि पुन्हा उसवून घालायची.

जोड तयार झाला की आप्पा तो धुतल्या फडक्यात गुंडाळून द्यायला जायचे, मी मागं. पायरीखाली जोड ठेवायचा. चेअरमन पाय घालून दोन पावलं चालून बघायचे. आप्पा हात बांधून, मान खाली. तोच माणूस. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं ओढा ओलांडेपर्यंत एकमेकांकडं बघायचो नाही, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं आणि ते कुणी ऐकलं असतं.

शाळेत शिवाशीव नव्हती. ते दिवस गेले, असं मास्तर सांगायचे. मी बाकावर बसले की शेजारची पोरगी बोटभर सरकायची, एवढंच. बोटभर जागा म्हणजे काय मोठी, पण ती दिवसभर मांडीला थंड लागते. एके दिवशी वर्गात शिरतानाच मी ओरडले, "सरका गं, चामड्याचं गोदाम आलं!" पोरी फसकन हसल्या. आणि सरकलेली पोरगी हसण्याच्या भरात माझ्या अंगावर पडली. मला वाटलं, सापडलं औषध. कुणी बोलायच्या आत आपणच बोलायचं. मग रोज मी काहीतरी घेऊन जायची. माझ्या फाटक्या पिशवीवर, आमच्या ओढ्यावर, माझ्या काळ्या कोपरांवर. शिळा विनोद दुसऱ्या दिवशी चालत नसे, म्हणून भांडी घासताना, शेण काढताना डोक्यात उद्याचंच. पोरी मला जवळ बसवायला भांडू लागल्या. मी किती दमत होते ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

शनिवारी शेवटच्या तासाला मास्तर कुणालाही उठवायचे, गाणं म्हण, गोष्ट सांग. त्या शनिवारी सगळा वर्ग ओरडला, शालन, शालन. माझ्याकडं नवं काही उरलं नव्हतं. मी दाराबाहेरच्या ढिगातून एक चप्पल उचलली, मांडी घालून बसले, चप्पल गुडघ्यांत धरली आणि आप्पांची नक्कल सुरू केली. "या चेअरमन, बसा." डस्टरनं ठप. "लई ताठलायसा." आप्पांचा आवाज माझ्या तोंडातून असा काही निघाला की मास्तरसुद्धा खिडकीकडं तोंड करून हसायला लागले. सगळ्यांत जास्त हसली ती विजया, चेअरमनची धाकटी लेक. तिला उचकी लागली. "परत कर की, आमच्या दादांचं परत कर," म्हणून ती माझा हात ओढत होती. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. घरी जाऊन तिनं ती गंमत म्हणूनच सांगितली.

सोमवारी सकाळी सोसायटीचा गडी आला, चेअरमननी बोलावलंय, पोरीला घेऊन ये म्हणाले. सोसायटीच्या ओसरीसमोर दुधाच्या किटल्या घेऊन पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती. चेअरमन खुर्चीवर. रागावलेले दिसत नव्हते. हसत होते, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"काय रं दत्त्या, रोज सकाळी मला पाण्यात बशीवतोस म्हणं?"

रांगेतली माणसं हसली. आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना कळलं.

"न्हाई जी. पोरगी ती, कायतरी बोलून गेली आसंल."

"आरं घाबरतोस कशाला? आमची इजू हसून हसून जेवली न्हाई. आमास्नीबी दाव की जरा." त्यांनी पायातली चप्पल काढली आणि पायानंच पायरीवरून खाली ढकलली. "घे. हाण."

आता कुणी हसत नव्हतं. आप्पांनी ती चप्पल मारली असती तर गावात राहणं मुश्कील होतं, आणि नाही म्हटलं असतं तरी होतं. आमच्या आठही घरांचं काम त्या ओसरीवरून यायचं. आप्पा मातीत बसले. चेअरमनची चप्पल त्यांनी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा पायरीवर ठेवली. मग आपल्या पायातली काढली. तिला तीन ठिगळं होती.

"मालक, तुमचं पायताण ह्या कामाला शोभत न्हाई. हे बगा." त्यांनी ती गुडघ्यांत धरली. "या दत्तोबा, बसा. लई दीडशाणं झालायसा. पोरीला साळंत घातलीया म्हणं? आता ती चढंल तुमच्या डोस्क्यावर." ठप. त्यांनी चपलेच्या आवाजात कुंई केलं, मार खाल्लेल्या कुत्र्यासारखं. "वरडू नगा. ह्यो झाला तुमचा. आता ह्यो तुमच्या बापासाठी." ठप. "ह्यो त्येच्या बापासाठी. त्येनंच ह्यो धंदा लावला मागं." ठप.

घरी कधी केली नव्हती एवढी बहारीची नक्कल आप्पांनी त्या दिवशी केली. एकाच्या किटलीतलं दूध हसण्यात सांडलं. चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "बास, बास रं, मरीन हसून." जाता जाता जावयासाठी एक जोड सांगितला. संकट टळलं. आणि मी हसले होते. त्या रांगेशेजारी उभी राहून, माझा बाप स्वतःला नि आपल्या बापाला मारत असताना, मला हसू आलं होतं.

घरी कुणी मला बोललं नाही. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ठप ठप ऐकू आली, पण नुसतीच. आई चुकून म्हणाली, "चेअरमनच्या जावयाचं कुठवर आलं?" आप्पा म्हणाले, "जोड म्हण. पुढल्या आठवड्यात हुईल त्यो जोड." त्यानंतर आमच्या अंगणात नुसते जोड होते. तलाठी नाही, मास्तर नाही. माडगं रटरटायचं ते एवढं मोठ्यानं ऐकू यायचं की नकोसं व्हायचं. वर्गात पोरी "कर की नक्कल" म्हणून मागं लागायच्या, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. पंधरा दिवसांनी मी जायची थांबले. आप्पा माझ्याशी चहा दे, चामड्याची वादी दे, एवढंच बोलायचे. शेवटी आईनं मला एसटीत घालून कोल्हापुरात आत्तीकडं आणलं. आप्पा फाट्यापर्यंतही आले नाहीत.

तानूआत्तीनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि आईला म्हणाली, "ही काय आणलीयास? उन्हात आकसलेलं कातडं?" माझं स्वागत एवढंच. तिची एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत ती आणि शेजारच्या दोघी बायका एका दुकानासाठी वेण्या घालायच्या, पट्टे शिवायच्या. नवरा मागंच वारलेला, लहान मुलगा पदरी. दुपारी भाकरी, खर्डा, कांदा, कधी मटणा-मासळीचं वशाट. आणि दिवसभर त्या तिघींचं तोंड असं काही चालायचं की मी पहिले आठ दिवस कान झाकून घेतले. कुणाला सोडायच्या नाहीत. दुकानदाराची चाल, गिऱ्हाइकांचे पाय, आपले मेलेले नवरे, आपली जात, देव. आत्ती स्वतःच्या काळ्या रंगावर असं बोलायची की दुसरं कुणी बोललं असतं तर तिनं आरी हाणली असती.

पण हीच आत्ती माल घेऊन दुकानात गेली की दगड. एकदा मी बरोबर होते. पुण्याकडची मंडळी जोड बघत होती, आणि दुकानदार लाडात येऊन म्हणाला, "तानूबाई लई गमतीची बाई हाय बरं का पावणं. सांगा की तानूबाई, कायतरी तुमच्यातलं." सगळे हसायची तयारी करून तिच्याकडं बघायला लागले. आत्तीनं त्या पाहुण्याचा पाय बघितला. "उजवा पाय थोरला हाय. माप दोन्ही पायाचं द्या. शनवारी न्या." बस्स. बाहेर आल्यावर, कोपरा वळल्यावर, तिनं त्या पाहुण्याची अशी चाल करून दाखवली की मी कित्येक महिन्यांनी हसले. मग विचारलं, आत का नाही केलंस? ती म्हणाली, "एकदा हसवलं की रोज हसवायला लागतंय, शालू. मग माप कोण घेणार?"

मी तिला शनिवारची गोष्ट सांगितली ती त्या दिवशी, चालता चालता. सोसायटीचीही सांगितली. मी हसले होते ते सांगितलं नाही.

मी येऊन सहा महिने होत आले तेव्हा आप्पा चामडं न्यायला कोल्हापुरात आले आणि आत्तीकडं टेकले. बारीक झाले होते. मी चहा दिला. त्यांनी "बरी हाईस?" विचारलं, मी "व्हय" म्हटलं, आणि संपलं. दोघंही फरशीकडं बघत बसलो. आत्तीनं थोडा वेळ वाट बघितली. मग आपला पट्टा नि आरी घेतली आणि उंबऱ्यातच फतकल मारली.

"आता कोण उठतंय बघू. बोलल्याबिगार हितनं कुणी जायाचं न्हाई. मला वलांडून गेलासा तर पाप लागंल."

"बोलायला काय हाय, अक्का?" आप्पा म्हणाले.

"काय न्हाई? मग हस की. सहा म्हैनं झालं, वैनी सांगती, घरात मढं पडल्यागत करतोस. पोरीवर राग हाय?"

"पोरीवर कशाचा राग?" आप्पा एकदम म्हणाले. "पोरगी माझंच बोलली न्हवं?" मग कपाची दांडी फिरवत म्हणाले, "अक्का, तुला खरं सांगू? ती माणसं हसाय लागली तवा मला ग्वाड लागलं. त्येंनी मारलं आसतं, हाकललं आसतं, तर एक हुतं. पर मी चेवानं कराय लागलो. आणखी हसावं म्हणून. बापाला मधी आणला. आणि ही बघत हुती. हिला काय वाटलं आसंल, बाप आसला."

मी म्हटलं, "आप्पा, मीबी हसले हुते."

आत्तीचा हात थांबला. आप्पांनी मान वर केली. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"हसलीस?"

"व्हय."

"कुठल्याला?"

"त्येच्या बापासाठी म्हणलासा तवा."

आप्पा हळूच म्हणाले, "ते मला तिथंच सुचलं."

आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. जोड मनासारखा उतरला की हलायचं तसं. आत्तीनं ते हेरलं आणि आरी खाली टाकून कडाडली, "बाप माझाबी हुता, मेल्या! मला न इचारता हाणलास व्हय त्येला, त्या दूधवाल्याच्या दारात?"

आप्पांना हसू फुटलं. मोठं नाही, पण थांबेना. त्यांनी सोग्यानं नाक पुसलं, मला रडूही येत होतं नि हसूही, आणि आत्ती उंबऱ्यात बसून आम्हाला दोघांना शिव्या देत होती. नंतर शांत झाल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "ग्वाड लागणारच की, दत्तू. उपाशी माणसाला शिळंबी ग्वाड लागतंय. त्येची काय लाज?"

गोष्ट इथं गोड झाली असं कुणी समजू नये. आप्पांनी गावातल्या अंगणात पुन्हा कधी चपलेला नाव दिलं नाही. भिंतीला कान असतात हे एकदा कळलं की कळलं. मी पुन्हा शाळेत गेले नाही, आणि ते मला अजून खुपतं, सही करतानासुद्धा खुपतं. पण महिन्या-दोन महिन्यांनी आप्पा चामड्याच्या निमित्तानं कोल्हापुरात यायचे, आत्ती पडवीचं दार ओढून घ्यायची, आणि मग दोघं भावंडं मिळून जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांना टोकून काढायची. मी वेणी घालत ऐकायची. मला माझा बाप परत मिळाला होता, थोडा कमी, पण मिळाला होता.

लग्न होऊन मी इकडं भिलाईला आले, नवऱ्याच्या कारखान्याच्या नोकरीमागं, आणि इथंच केस पिकले. इथं कुणाला आमचा ओढा माहीत नाही, तरी दोन-तीन गोष्टींत माणसं नाव विचारता विचारता आडनावाशी येऊन थांबतातच. आमच्या इमारतीचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यावर अधूनमधून विनोद येतात, राखीव जागेतून डॉक्टर झालेल्याचे, त्याच्या हातून मेलेल्या पेशंटचे. त्याखाली हसरी तोंडं ओळीनं. परवा त्यात माझ्या सुनेचंही एक होतं. मी तिला विचारलं नाही. सगळे हसत असताना आपण न हसण्याला किती बळ लागतं ते मला ठाऊक आहे, आणि तिच्याकडं नसेल त्या दिवशी. दिवसभर राबून कामावरून येते बिचारी. आता या सगळ्याचा राग येत नाही, थकवा येतो. एखाद्या विनोदाला हसायचं की नाही हे ठरवण्यात आयुष्याची किती शक्ती गेली, याचा हिशेब लागत नाही.

आत्ती अजून आहे. नव्वदीला टेकली असेल. तोंड अजून तसंच, पाय गेलेत. एक दुखणं मात्र ती कुणाला सांगत नाही. मला फोनवर एकदाच बोलली. तिचा मुलगा वसंता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता, आता निवृत्त झालाय. त्यानं आडनाव बदललं, त्याला तिचं काही म्हणणं नव्हतं. पण एकदा ती त्याच्याकडं राहायला गेली असताना त्याच्या हाफिसातली माणसं जेवायला आली, आणि कुणीतरी आपल्या लोकांवर तसलाच एक विनोद केला. वसंता सगळ्यांच्या वर हसला. आत्ती आत स्वयंपाकघरात होती. सकाळी उठून ती एकटी एसटीनं कोल्हापूरला निघून आली. त्याला बरीच वर्षं झाली. तो पैसे पाठवतो, औषधं पाठवतो, येत नाही. तिला वाटतं त्याला तिची लाज वाटते. मला वाटतं त्याला त्या हसण्याची वाटते. तो माणूस आतून मेल्यासारखा हसला असेल, मला माहीत आहे कसं.

माझे गुडघे बरे नाहीत आणि एवढ्या लांबच्या प्रवासाची मला धास्ती वाटते. गाडी चुकेल, मधेच काही होईल, पोचायच्या आत तिचंच काही होईल. तरी लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. आत्ती, थंडी ओसरली की मी निघते. आधी पुण्याला उतरीन, वसंताच्या दारात. त्याला म्हणीन, मीही हसले होते, चल. नाही म्हणाला तर तिथंच, त्याच्या उंबऱ्यात बसून राहीन. तो तुझ्यासमोर येऊन बसेपर्यंत मी काही भिलाईला परत जायची नाही.